डोळ्यांसमोर काय उभं राहावं?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका घरी आमचं वाचन चालतं. दहा-बारा माणसं जमतात, बरीचशी साठीच्या पुढची. चहा होतो, मग कुणी तरी वाचतं. गेल्या पावसाळ्यात मी मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीतली काही पानं वाचली. सहाव्या-सातव्या पानाला एका काकूंनी मला थांबवलं. म्हणाल्या, “वाचताय छान हो, पण डोळ्यांसमोर काही उभंच राहत नाही.” बाकीच्यांच्याही माना हलल्या. पुढच्या रविवारी सोपं काही तरी घ्यायचं ठरलं, आणि तसं घेतलंही.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. काकूंचं वाचन दांडगं आहे; आळसानं किंवा तुच्छतेनं बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. शिवाय त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. त्या पानांतून खोली, खिडकी, खुर्चीवर बसलेला माणूस असं काही उभं राहत नाही. एका मनात एकामागून एक येणारे तुकडे, अर्धी राहिलेली वाक्यं, मध्येच घुसलेली आठवण, एवढंच हाती लागतं. मला अडवलं ते त्यांनी न उच्चारलेल्या भागानं, जो आपण सगळेच धरून चालतो: गद्यातून डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलंच पाहिजे. हे कधी ठरलं? आणि उभं राहायचं ते चित्र कुठलं?

माझं म्हणणं असं आहे. प्रयोगशील मराठी गद्य वाचकाला परकं वाटतं याचं कारण त्याची भाषा किंवा विषय हे फार थोडं. वाचकाची बुद्धी तर मुळीच नाही. कारण डोळ्यात आहे. गद्याकडे आपण चित्र मागतो, आणि मनाशी धरलेलं चित्र सव्वाशे वर्षांपूर्वीचं असतं. चित्रकला तिथून निघून गेली, तिच्या सोबतीनं गद्यही निघालं, आपण मात्र जुन्या भिंतीसमोर उभे आहोत. म्हणून मराठी साहित्य शिकवायचं तर चित्र पाहायला शिकवावं लागेल; शाळेत, महाविद्यालयात, आणि आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांत तर सगळ्यात आधी. हे जिथं सहज जमावं असं गाव बडोदं आहे, आणि इथंच ते होत नाही, याचं मला दुःख आहे.

आपण पुस्तकांविषयी बोलतो ते शब्द बघा. शब्दचित्र. व्यक्तिचित्र. स्वभावचित्रण. पात्र छान रंगवलंय, खलनायक भडक झालाय, नायिका फिकी पडली, प्रसंग ठसठशीत उतरलाय, पार्श्वभूमी चांगली आहे. मराठी समीक्षेच्या पेटीतली निम्मी हत्यारं चित्रकाराकडून आणलेली आहेत. व्यंकटेश माडगूळकरांसारख्या, स्वतः उत्तम रेखाटनं करणाऱ्या लेखकाच्या बाबतीत तर हे शब्द अक्षरशः खरे ठरतात. पण ही हत्यारं आणली कुठल्या चित्रकाराकडून?

बडोद्याच्या माणसाला याचं उत्तर घराजवळ सापडतं. राजा रविवर्मा १८८१ साली सयाजीरावांच्या बोलावण्यावरून इथं आले. पुढं लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली गेली. राजवाड्याच्या आवारात त्यांच्यासाठी चित्रशाळा होती. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईला छापखाना काढला आणि ती लक्ष्मी, ती सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर गेली. आजही सरस्वती म्हटलं की आपल्या मनात येतो तो चेहरा तिथला. मी रविवर्मांना कमी लेखत नाही. लहानपणी शाळेच्या सहलीत फतेहसिंह संग्रहालयात त्यांच्या रेशमी निऱ्यांसमोर मी किती तरी वेळ उभा राहिलो होतो, हात लावून बघावंसं वाटत होतं. पण त्या चित्रांनी आपल्याला पाहण्याचे तीन नियम शिकवले, तेही ओळखले पाहिजेत. बघणारा एकाच जागी उभा असतो. उजेड एकाच बाजूनं येतो. आणि प्रसंगातला एकच क्षण पकडलेला असतो. ज्या काळात ही चित्रं होत होती त्याच काळात, १८९० पासून, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. आपली कादंबरी वयात आली ती याच नियमांच्या सहवासात. हुबेहूब हा मोठ्या कौतुकाचा शब्द झाला तो तेव्हा. नंतर ते चित्रकलेतलं एक वळण होतं हे विसरून आपण त्यालाच कायदा मानलं.

तो कायदा पॅरिसमध्ये मोडला तेव्हा चित्र आणि गद्य एकाच घरात बसलेलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेच्या आणि तिच्या भावाच्या घरी सेझान या फ्रेंच चित्रकारानं काढलेलं आपल्या बायकोचं चित्र टांगलेलं होतं. त्या चित्राखाली बसून आपण आपल्या पहिल्या कथा लिहिल्या, असं तिनं पुढं सांगितलं. सेझानच्या चित्रात चेहऱ्याला जेवढा मान तेवढाच खुर्चीच्या पाठीला असतो. रंगाचा एक फटकारा, शेजारी थोडा वेगळा दुसरा, त्याशेजारी तिसरा. बाई आणि खुर्ची दोन्ही अशाच घडत जातात. स्टाइननं वाक्यांचं तसंच केलं. एक साधं वाक्य, मग तेच जरासं बदलून, मग आणखी जरासं. १९०५-०६ मध्ये पिकासोनं तिचं चित्र करायला घेतलं. तिच्या सांगण्याप्रमाणं ऐंशी-नव्वद वेळा ती त्याच्यासमोर बसली. एके दिवशी त्यानं रंगवलेला चेहरा पुसून टाकला आणि काही महिन्यांनी, ती समोर नसताना, मुखवट्यासारखा दुसराच काढला. समोर बसलेल्या माणसाकडे बघून जे साधलं नाही ते न बघता साधलं. त्या एका प्रसंगात हुबेहूबची सत्ता संपली असं मी मानतो.

लंडनमध्ये नोव्हेंबर १९१० मध्ये रॉजर फ्राय या समीक्षकानं सेझान, गोगँ, व्हॅन गॉग यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. लोक हसले, चिडले. इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फची बहीण व्हेनेसा स्वतः चित्रकार होती आणि ही सगळी मंडळी एकमेकांच्या घरात वावरणारी. चौदा वर्षांनी वुल्फनं लिहिलं की साधारण डिसेंबर १९१० च्या सुमाराला माणसाचा स्वभावच बदलला. तारखेमागं हेच प्रदर्शन होतं असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्या ‘टू द लाइटहाउस’ या दीपगृहाच्या कादंबरीत एक चित्रकार बाई अनेक वर्षं एका चित्राशी झगडते, आणि शेवटी मध्यभागी एक रेघ ओढते तेव्हा चित्र पुरं होतं, कादंबरीही पुरी होते. काय घडलं ते विचाराल तर एक रेघ ओढली गेली. पण ती कुठं ओढली गेली यावर सगळं तोललेलं आहे.

आता काकूंकडे परत येतो. त्यांना स्टाइनचा हा प्रकार मी सांगितला तर त्या म्हणतील, तेच तेच वाक्य कशाला लिहायचं? पण ह्याच काकू ठुमरीच्या बैठकीला दोन-दोन तास बसतात. बडोदं हे फैयाज खाँसाहेबांचं गाव. इथल्या जुन्या घरांतून गाण्याचे कान पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेत. गवई एकच ओळ वीसदा म्हणतो, दर वेळी एका शब्दावरचा जोर हलवतो, कधी स्वर जरा खालून घेतो, आणि आपण दर वेळी ‘वा’ म्हणतो. हे तर मघाशीच सांगितलंत, असं कुणी गवयाला म्हणत नाही. तानेतून डोळ्यांसमोर काय उभं राहिलं, असंही कुणी विचारत नाही. म्हणजे घटनेशिवायची, वस्तूशिवायची कला आपल्या माणसाला कळत नाही हे खोटं आहे. कानाला ती शिकवण मिळाली, डोळ्याला मिळाली नाही, आणि वाचताना आपण कान बंद करून ठेवतो.

मर्ढेकरांना हे नेमकं दिसलं होतं. १९३० च्या आसपासची काही वर्षं ते विलायतेत होते. वर सांगितलेली सगळी हवा तेव्हा तिथं ताजी होती. परत आल्यावर १९४१ मध्ये ‘वाङ्मयीन महात्मता’ हे समीक्षेचं पुस्तक आणि पुढच्याच वर्षी ‘रात्रीचा दिवस’. विचार आणि प्रयोग असे हातात हात घालून आले. त्यांनी सौंदर्याचा विचार सुरू केला तो चित्र आणि संगीत यांच्यापासून, जिथं रंग किंवा स्वर यांच्या परस्परसंबंधांखेरीज दुसरं काही धरायला नसतं. त्या संबंधांचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम त्यांनी मांडले, आणि मग विचारलं की हे साहित्यात कसं चालतं? त्यांचं सगळंच मला पटत नाही. रंगाचा ठिपका नुसता ठिपका राहू शकतो, ‘आई’ हा शब्द नुसता ध्वनी कधीच राहत नाही. तो उच्चारला की माणसं, घर, स्वयंपाकाचा वास सगळं ओढत आणतो. त्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणूनच साहित्याचं माध्यम त्यांनी भावनात्मक अर्थ असं सांगितलं. स्टाइन पुढं जिथं अडखळते ती जागाही हीच. गद्यानं चित्राची नक्कल करायची म्हटलं तर ते चित्राइतकं मुकं होऊ शकत नाही आणि गद्याइतकं बोलतही नाही. तेव्हा हे नातं नकलेचं राहू शकत नाही. तुकडे एकमेकांना कसे तोलतात एवढंच चित्राकडून शिकायचं. ‘रात्रीचा दिवस’ वाचताना माणूस कुठं बसलाय हे शोधत राहिलं तर पान हाताला लागत नाही. आठवण कुठं शिरली, कशाच्या विरोधात शिरली, वाक्य मध्येच तुटल्यावर पुढचं त्याला कसं सावरतं, असं वाचलं तर तेच पान हलायला लागतं.

आणि हे नवं मराठी ज्या मासिकांतून लोकांसमोर आलं त्यांतलं एक महत्त्वाचं मासिक पुण्या-मुंबईचं नव्हतं. १९४३ साली पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी ‘अभिरुचि’ काढलं ते बडोद्याहून. मर्ढेकरांच्या नव्या कविता त्यात आल्या. मं. वि. राजाध्यक्षांचं ‘निषाद’ या नावानं चालणारं ‘वाद-संवाद’ सदर त्यात येई. नव्या साहित्याच्या बाजूनं आणि विरोधातही बोलायची जागा तिथं होती. तोच काळ गायकवाडांच्या स्मारकाच्या, म्हणजे कीर्ती मंदिराच्या भिंतींचाही. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस १९३९ पासून १९४६ पर्यंत अधूनमधून येऊन तिथं गंगावतरण, मीरेचं जीवन, टागोरांचं नाटक ‘नटीर पूजा’, महाभारत रंगवत होते. एकाच गावात एकीकडे भारतीय चित्रकला रविवर्मांच्या निऱ्यांतून बाहेर पडून नवी भिंत शोधत होती आणि दुसरीकडे मराठी शब्द. मला त्या दिवसांचा हेवा वाटतो.

पुढं जे झालं ते कुणाच्या दुष्टपणानं झालं नाही, पण त्याची किंमत आपण अजून मोजतोय. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, १९५० साली त्याची ललितकला शाखा. चित्रकला शिकवायला आले ते इंदूरच्या मराठी घरातले नारायण श्रीधर बेंद्रे. क्यूबिस्ट, म्हणजे वस्तूचे कोनाकोनांचे तुकडे करून मांडणाऱ्या वळणाच्या त्यांच्या ‘सूर्यफुलं’ला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्याबरोबर शिल्पकार शंखो चौधरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन. शाखेच्या आवारात, पुष्पबागेत, देशातली सगळ्यात धीट चित्रशाळा उभी राहायला लागली आणि नेमक्या त्याच सुमाराला, १९५१ मध्ये, चित्रे कुटुंब मुंबईला गेलं. एका वर्षाच्या अंतरानं मराठीतला प्रयोग आणि चित्रातला प्रयोग या गावात एकमेकांना चुकले. त्या घरातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा, बडोद्यात जन्मलेला दिलीप, मुंबईत मोठा झाला, कवी झाला, चित्रं काढू लागला, चित्रपट केला, आणि १९६८ मध्ये ‘ऑर्फियस’मधल्या कथा दिल्या. १९५४ मध्ये त्यानं ज्यांच्यासोबत ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं त्या अरुण कोलटकरांचं शिक्षण चित्रकलेचं. प्रभाकर बरव्यांनी चित्रकार म्हणून वस्तू आणि अवकाश यांचा विचार केला तो ‘कोरा कॅनव्हास’मध्ये थेट मराठीत मांडला. म्हणजे हे नातं तुटलं नाही, मुंबईत बहरलं. तुटलं ते बडोद्याच्या मराठीचं.

गुजराती शेजाऱ्यांनी मात्र ही संधी सोडली नाही, आणि ते बघून मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. सुरेश जोशी याच विद्यापीठात गुजराती शिकवत. १९५७ च्या ‘गृहप्रवेश’ या कथासंग्रहापासून त्यांनी घटनालोपाची कल्पना मांडली: कथेत घटना विरघळत जावी आणि तिच्या जागी रचना, प्रतिमा, भाषेचा पोत यावा. १९५९ साली त्यांनी ‘क्षितिज’ हे मासिक काढलं. ललितकला शाखेत शिकलेले गुलाममोहम्मद शेख हे त्याच हवेतले गुजराती कवी आणि गद्यकार. हिशेबनीस असलेले भूपेन खख्खर १९६२ मध्ये मुंबईहून इथं आले. त्यांनी शिंप्याचं दुकान, घड्याळदुरुस्तीचं दुकान रंगवलं आणि तशाच साध्या माणसांवर गुजराती कथा लिहिल्या. शेख आणि खख्खर या दोघांनी मिळून १९६९ ते १९७३ ‘वृश्चिक’ हे नियतकालिक चालवलं. १९७२ पासून अखेरपर्यंत इथं शिकवणाऱ्या चित्रकार नसरीन मोहम्मदींच्या रोजनिशीची पानं पाहिली तर शब्द कुठं संपतात आणि शाईच्या पट्ट्या कुठं सुरू होतात ते सांगता येत नाही. हे सगळं विश्वामित्री नदीच्या या काठाला घडत होतं, आमच्या वाड्यांपासून सायकलनं दहा-पंधरा मिनिटांवर. आमच्या घरांत तेव्हा नाट्यसंगीताची वर्गणी गोळा होत होती. नाट्यसंगीत मलाही प्रिय आहे. पण त्याच्या शेजारी आणखी एका खुर्चीला जागा होती.

“हे सगळं विलायती,” असं इथं कुणी तरी म्हणणार. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो घेणारे बरेच जण आपल्या मातीवर खरं प्रेम करणारे असतात. त्यांना मी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात यायचं आमंत्रण देईन. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर, छताखाली, कमानींत एकोणिसाव्या शतकातली शेकडो चित्रं आहेत: कृष्ण, महाभारत, मराठे आणि इंग्रज यांची लढाई. तिथं उभं राहा आणि रविवर्मांचे तीन नियम लावून बघा. बघणाऱ्याची एक जागा नाही, नजर भिंतीवरून चालत जाते. एका बाजूनं येणारा उजेड नाही. पुराणातला काळ आणि कालपरवाचा काळ शेजारी नांदतात. आपल्या जुन्या चित्रांत एकाच पट्टीवर एकच कृष्ण दोनदा-तीनदा दिसतो आणि त्यानं कुणी गोंधळत नाही. इथली माणसं एकाच वेळी अनेक काळांत राहतात, ही शेखांची धारणा अशाच भिंती बघून पक्की झालेली आहे. आणि गद्याचं म्हणाल तर मराठीचं पहिलं मोठं गद्य म्हणजे म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’. तेराव्या शतकातलं, छोट्याछोट्या लीळांचं. एक लीळा चार ओळींची, पुढची पानभर. पार्श्वभूमी नाही, वर्णनाचा पिसारा नाही. कुणी तरी काही विचारतं, चक्रधरस्वामी काही म्हणतात, लीळा संपते. तुकड्यांत लिहिणं आपण युरोपाकडून आणलं हे मला मान्य नाही. एकसंध, सपाट उजेडातलं, हुबेहूब गद्य हेच त्या मानानं नंतरचं आणि बाहेरचं.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो, कारण तो आमच्या अस्तित्वाचा आहे. बडोद्याच्या मराठी घरांतली मुलं घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. “आधी भाषा तर टिकू दे, मग बघू तुमचे प्रयोग,” असं मंडळांच्या बैठकीत ऐकायला मिळतं. सोपं द्या, गोड द्या, ओळखीचं द्या. इथं चार साहित्य संमेलनं झाली, १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८. प्रत्येकाचा अभिमान आहे. पण ओळखीचं देऊन मूल टिकतं का? माझा अनुभव वेगळा आहे. माझी भाची ललितकला शाखेत मुद्राचित्रण, म्हणजे ठसे करून चित्रं छापणं शिकते. तिचं मराठी वाचन हळू. देवनागरी येतं ते हिंदीमुळं. काकूंना नकोशी झालेली तीच पानं मी तिला दिली. चार दिवसांनी तिनं ती परत आणली ती पेन्सिलनं चौकटी आखलेली. जिथं वाक्याचा सूर बदलतो तिथं रेघ, जिथं एखादा शब्द परत येतो तिथं वर्तुळ, दोन वर्तुळांना जोडणारी बारीक तिरकी रेषा. “मामा, सगळे शब्द नाही कळले,” म्हणाली, “पण इथं गडद आहे, इथं मोकळं सोडलंय, आणि इथं त्यानं परत तोच रंग घेतलाय.” मग तिनं न कळलेले सतरा शब्द विचारले. मी ते सांगितले. ऐतिहासिक कादंबरीचा चारशे पानी खंड मी तिला याआधी दोनदा वाढदिवसाला दिला होता. त्यातला एक शब्दही तिनं मला कधी विचारला नव्हता.

या मुलांचे डोळे आपल्यापेक्षा पुढं आहेत. फोनवर चित्रफिती कापणारं, जोडणारं, मधला भाग उडवून पुढं जाणारं मूल तुटक गद्याला घाबरत नाही. त्याला भीती वाटते ती लांबलचक वर्णनाची. सोपं म्हणून आपण त्याच्यासमोर ठेवतो ते त्याच्यासाठी सोपं नसतं; आपल्या ओळखीचं असतं एवढंच.

तिसरी गोष्ट मी स्वतःच कबूल करतो. प्रयोगाच्या नावाखाली पुष्कळ भुसा छापला गेलाय. चित्रकाराकडून वर्षानुवर्षांचा रेखाटनाचा रियाज घ्यायचा राहिला आणि विस्कटणं तेवढं उचललं, अशी गद्यं मी वाचली आहेत, त्यांतली काही नावाजलेलीही. मग पारखायचं कसं? चित्र बघताना एक जागा अंगठ्यानं झाकून बघण्याची रीत आहे. झाकल्यावर चित्र कलंडलं तर तो ठिपका हवाच होता. काहीच झालं नाही तर तो फुकट होता. गद्याला हीच कसोटी लावावी. परिच्छेद झाकून पुढं वाचा. ‘रात्रीचा दिवस’मध्ये मी हे करून पाहिलंय. बहुतेक ठिकाणी वाक्यांचा तोल गेला. दोन-तीन जागी गेला नाही, आणि तिथं मर्ढेकरही सैल झाले असं मी म्हणेन. अशी तपासणी वाचकाला करता येऊ लागली की त्याच्यावर कुणी काही लादू शकत नाही. कळत नाही म्हणून थोर, हा धाकही उरत नाही, आणि कळत नाही म्हणून टाकाऊ, हा निकालही.

म्हणून मागणी मोठी नाही. पदवीच्या वर्गात नवकथा किंवा संज्ञाप्रवाही, म्हणजे मनात येईल तशी वाहणारी कादंबरी शिकवताना तिच्यासोबत दहा चित्रं दाखवली जावीत, आणि इथल्या मुलांना ती भिंतीवर, प्रत्यक्ष दाखवली जावीत. कीर्ती मंदिर आणि तांबेकर वाडा गावातच आहेत. मराठीच्या वर्गाला ललितकला शाखेतलं कुणी येऊन चित्र कसं बघायचं ते सांगावं, आणि इकडून कुणी तिकडं जाऊन चित्रकारांचं मराठी गद्य वाचावं. हे नवीनही नाही. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना आणून संस्थानभर ग्रंथालयं उभी केली तेव्हा त्या खात्यात दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखा होती. पुस्तकांच्या पेट्यांसोबत जादूच्या कंदिलाच्या काचा आणि दोन भिंगांतून बघायची जोडचित्रं गावोगाव जात. वाचणं आणि बघणं एकाच गाडीतून पाठवावं, हे शंभर वर्षांपूर्वी या संस्थानाला सुचलेलं होतं.

आणि ‘अभिरुचि’चे अंक. बडोद्यातच ते सगळे एका जागी बघायला मिळावेत यासाठी मी दोन वर्षं फिरतोय. एका ग्रंथालयात मला सांगितलं गेलं की जुनी मासिकं जागेअभावी काढून टाकली. त्या कपाटाच्या जागी आता स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत, त्यांचीही मुलांना गरज आहे, मी वाद घातला नाही. पण बाहेर येऊन सूरसागर तलावाच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिलो.

गेल्या महिन्यात काकूंनीच फोन केला. त्यांच्या दिरांच्या ट्रंकेत जुन्या मासिकांचा एक गठ्ठा निघालाय, वरच्या पानावर ‘अभिरुचि’ लिहिलंय, घेऊन जा म्हणाल्या. मी बघून आलो. चौदा अंक आहेत, दोघांना मुखपृष्ठ नाही, कसरीनं कडा खाल्ल्यात, पण मजकूर शाबूत आहे. पानं इतकी ठिसूळ झालीत की एक-एक उचलून काचेवर ठेवावं लागेल. भाचीनं तिच्या शाखेतल्या ठसे वाळवायच्या जाळ्या दोन दिवसांसाठी मागून आणायचं कबूल केलंय. काकूंच्या हॉलमध्ये टेबल मोठं आहे, उत्तरेकडून उजेड येतो. दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला सुरुवात करतोय.